आडवी शेपटी

करंजाड्याच्या नव्या व्यायामशाळेच्या भिंतीवर जे चित्र रंगवले आहे ते साफ खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे सांगण्याचा अधिकार आज हयात असलेल्या दोनच माणसांना आहे. एक मी. दुसरी माझी थोरली बहीण, जी विचुंब्याला मुलाच्या घरी पाचव्या मजल्यावर खिडकीशी पडून असते आणि जिला या चित्राशी काही देणेघेणे नाही.

चित्रात माझा चुलतभाऊ बळीराम गुडघाभर चिखलात उभा आहे. दंड फुगलेले, मान ताठ, आणि खांद्यावर मिठाचे पोते टाकावे तसा आडवा टाकलेला डॉल्फिन. डॉल्फिन हसतो आहे. मागे सूर्य मावळतो आहे. व्यायामशाळा बळीरामच्या नातवाची, सुजितची. मुलगा गुणी आहे, मेहनती आहे, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करतो. उद्घाटनाला मी "दोन शब्द" बोलावेत अशी विनंती करण्यासाठी त्याने मला मुद्दाम तिथे नेले होते. भिंतीचा रंग अजून ओला होता.

"ही शेपटी कोणी काढली?" मी विचारले.

"आर्टिस्ट पनवेलचाच आहे, आजोबा. मस्त आलीय ना?"

"ही सुरमईची शेपटी आहे. उभी. डॉल्फिनची शेपटी आडवी असते."

"ओके, आडवी करून घेतो. बाकी फायनल ना?"

"बाकी त्याहून खोटे आहे. तुझ्या आजोबांनी त्याला उचलले नव्हते. कोणीच उचलले नव्हते."

सुजित हसला. "आजोबा, तुम्ही पण ना! अख्खं गाव सांगतं."

"अख्खे गाव तेव्हा जेवायला गेले होते."

तो पुन्हा हसला आणि वजने उचलणाऱ्या पोरांकडे वळला. ती पोरे एका डब्यातील पांढरी भुकटी तळहातांना चोळत होती. पकड सुटू नये म्हणून चोळतात म्हणे. एकाने टाळी वाजवली आणि पांढरा धुरळा उडाला. त्या पांढऱ्या तळहातांकडे मी पाहत राहिलो. असे हात मी पूर्वी पाहिले होते. पायही पाहिले होते. आमच्या घरातील प्रत्येक माणसाचे हातपाय डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत याच रंगाचे असत.

*

जिथे आज विमानतळाचा भराव आहे, तिथे खाडीच्या कडेने आमची मिठागरे होती. "आमची" हा शब्द मी सवयीने वापरतो. जमीन शेठची, घाम आमचा. माझे वडील तिथले मुकादम होते. अलीकडे वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांमध्ये मिठागरांची वर्णने येतात, त्यांत हटकून "ओसाड", "उजाड" असे शब्द असतात. ज्यांनी मिठागर गाडीच्या काचेतून पाहिले, त्यांनी ते खुशाल लिहावेत. मिठागर ओसाड नव्हते. मार्चमध्ये आटत आलेल्या पाण्याला जो गुलाबी रंग चढे, तो मी नंतर कुठल्याही फुलात पाहिला नाही. त्या पाण्याला वास होता: प्रथम कडू, मग किंचित गोड, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी लोखंडासारखा. तिवरांच्या मुळांतून ओहोटीचे पाणी निघून जाताना चिखल बुडबुडे सोडी, आणि हजारो बारीक तोंडे एकदम मिटल्याचा आवाज येई. वाफ्यांमध्ये मीठ ओढण्याच्या लाकडी फळ्यांची खरखर सकाळभर चाले. ती खरखर थांबली की आम्हांला कळे, भाकरीची वेळ झाली.

आणि बायका. मिठाची ओली पाटी डोक्यावर घेऊन हातभर रुंदीच्या निसरड्या बांधावरून एकामागे एक चालणाऱ्या बायका. पाटी डोक्यावर चढवायला दुसऱ्याचा हात लागे. "हात लाव गो" अशी हाक बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असे. एकदा पाटी चढली की मग कोणाची गरज नसे. मान स्थिर, कंबर जिवंत, पाऊल मोजके. माझी बहीण त्या रांगेत सर्वांत पुढे असायची. आम्ही तिला "बाय" म्हणतो, आजही. तेव्हा ती विशीची होती आणि तिचे लग्न जासईला ठरले होते. रात्री ती तळपायांच्या भेगांत खोबरेल भरी, आणि मी मेणबत्तीच्या उजेडात प्राणिशास्त्राचे पुस्तक वाचीत असे. मी सतरा वर्षांचा होतो, पनवेलहून रोज कॉलेजला जात होतो, आणि घरात मला काही कळते असा एक समज पसरला होता. तो मीच पसरवला होता.

*

त्या वर्षीच्या चैत्रात अमावास्येनंतरच्या उधाणाला वाऱ्याची जोड मिळाली आणि भरतीचे पाणी बाहेरच्या बांधावरून आत आले. बांध फुटला नाही. पाणी फक्त वरून ओसंडून मोठ्या तळ्यात शिरले. या तळ्यात खाडीचे पाणी साठवून मग ते हळूहळू पुढच्या वाफ्यांत सोडत. रिवाजाप्रमाणे बाबांनी आतल्या बाजूचे पाणी पुढे सोडून दिले. तळे उतरू लागले. आणि तिसऱ्या प्रहरी तळ्याच्या मध्यावर कोणीतरी मोठ्याने श्वास सोडला.

तो आवाज कसा होता याविषयीही लोक वाटेल ते सांगतात. कोणी म्हणते रेड्यासारखा, कोणी म्हणते लहान मुलासारखा. दोन्ही चूक. दमलेला माणूस ओझे खाली ठेवल्यावर जो श्वास सोडतो, तसा तो होता. एकदाच, पुरेपूर, आणि मग शांतता.

बोय माशांच्या थव्यामागे लागून तो बांधावरून आत आला असावा. रंग राखाडी, पाठीवर उंचवटा, लांबी माझ्या उंचीच्या दीडपट. सगळे त्याला "मोठा मासा" म्हणत होते. मी सर्वांना समजावून सांगत होतो की हा मासा नव्हे. हा आपल्यासारखा उष्ण रक्ताचा, हवा घेणारा, पिलाला दूध पाजणारा जीव आहे. बाय म्हणाली, "मंग त्याला उन्हात किती त्रास व्हत आसंल," आणि गोणपाट भिजवून त्याच्या पाठीवर टाकायला निघाली. माझ्या माहितीचा पहिला उपयोग तिने केला. मी नाही.

दोन दिवस तो तळ्यात फिरत राहिला. पाणी कमरेपर्यंत होते ते मांडीवर आले, मांडीवरून गुडघ्यावर. बाहेरची भरतीही दर दिवशी थोडी थोडी उतरत चालली होती. बांधावरून पाणी पुन्हा येईल ही आशा उरली नव्हती. पाणी घेण्याचे दार अरुंद होते, त्यातून त्याचे डोकेही गेले नसते. तिसऱ्या दिवशी सकाळी तो बुडाच्या चिखलाला टेकला. श्वासांमधले अंतर वाढले. बाय त्याच्या कुशीला हात लावून बसली होती. मला तिने जवळ बोलावले.

"बग, आतून कसा थरथरतोय. आपलंच वजन त्याला झेपंना."

ते खरे होते, आणि ते पुस्तकात नव्हते. निदान माझ्या पुस्तकात नव्हते. पाण्याने जन्मभर उचलून धरलेले शरीर जमिनीवर आले की स्वतःच्याच फुप्फुसांवर दगडासारखे बसते. हे मी पुढे शिकलो, आणि चौतीस वर्षे शाळेत शिकवले.

*

आता दोराविषयी.

इथपर्यंतची हकीकत मी वर्गात दरवर्षी सांगत असे. फळ्यावर कणा काढायचो. कण्याच्या वर स्नायूंचा एक जाड पट्टा, खाली दुसरा. वरचा आखडला की शेपटी वर जाते, खालचा आखडला की खाली येते, आणि दोन्ही वेळा पाणी मागे ढकलले जाते. म्हणून देवमाशापासून डॉल्फिनपर्यंत साऱ्यांची शेपटी आडवी. मासा डावीकडे-उजवीकडे वळवळतो. हा मात्र वर-खाली धावतो, घोडा चौखूर उधळताना पाठ कमानीसारखी वाकवतो तसा. मुलांना हे फार आवडे. एकेकाळी विद्वानांनी असेही गणित मांडले होते की डॉल्फिनच्या स्नायूंना इतका वेग परवडणारच नाही, यात त्वचेची काहीतरी जादू असली पाहिजे. पुढे इतर विद्वानांनी मापे घेतली आणि निघाले असे की जादू वगैरे काही नाही. स्नायूच तेवढे बलवान आहेत, पहिल्यांदा कमी मोजले गेले एवढेच. हे सांगताना मला नेहमी एक कडवट आनंद होत असे. मग मी म्हणायचो, "आणि शेवटी बांध उधाणाने फुटला व डॉल्फिन सुटला." आणि तास संपायचा.

दोर मी वगळत असे.

मिठागरावरील माणसे जड वस्तू एकाच रीतीने हलवतात. होडी एका बाजूच्या पाण्यातून दुसऱ्या बाजूला न्यायची झाली, तर तिच्या मागच्या टोकाला दोर बांधतात, बांधावर ओला पाला पसरतात आणि चौघे जण "हैशा" करीत ओढून घेतात. बाबा म्हणाले, याला तसेच ओढून बांधापलीकडे टाकू. प्रश्न एवढाच होता की दोर कुठे बांधायचा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. आणि मी, सतरा वर्षांचा, उष्ण रक्त आणि दूध पाजणे जाणणारा, छाती पुढे काढून म्हणालो, "शेपटीला. सगळी ताकद तिथंच असते."

वाक्य शास्त्रशुद्ध होते. म्हणूनच ते इतके भयंकर ठरले.

गाठही मीच मारली. शेपटीच्या मुळाशी, जिथे शरीर निमुळते होत मनगटासारखे होते तिथे, मी दोराचे दोन वेढे दिले आणि होडीची गाठ घातली. बाय म्हणाली, "आरं, वढू नको त्याला." कोणी ऐकले नाही. बळीदादा सर्वांत पुढे. तो खरोखरच बलवान होता, हे मी कोणाहीपेक्षा अधिक निक्षून सांगेन. आगरावर दोन पाट्या एकदम उचलणारा तो एकटाच होता. त्याच्या मागे तिघे. "हैशा!"

डॉल्फिन हातभर सरकला आणि त्याने शेपटी हलवली. एकदा वर. एकदा खाली. बस्स.

चार माणसे चिखलात पालथी पडली. दोर बळीदादाच्या मुठींतून असा सरकला की दोन्ही तळहातांची साले निघाली. कोणीतरी हसले, मग कोणीच हसले नाही. त्या मरायला टेकलेल्या जिवाने, पाण्याचा आधार नसताना, गावातील चार सर्वांत तगडी माणसे नुसत्या झटक्याने झोपवली होती. आणि त्या एका झटक्यानंतर तो स्वतः निपचित पडला होता. दोराच्या वेढ्याखाली कातडीवर पांढरे वळ उठले होते, आणि त्यांच्या कडेने रक्त येत होते. आपल्यासारखेच, लाल.

बळीदादाने तळहात खारट पाण्यात बुडवले नाहीत. ते मांडीवर उपडे ठेवून तो बांधावर बसला. त्या दिवसाविषयी तो पुढे आयुष्यभर एक अक्षर बोलला नाही. त्याने उचलले असे त्याने कधीही म्हटले नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तळहातांवरचे वण पाहून लोकांनीच गोष्ट रचली, आणि तो गप्प बसून ऐकत राहिला. गप्प बसण्याचा दोष माझ्याही पदरी आहे, त्यामुळे त्याला मी नावे ठेवणार नाही.

*

दुपारी सगळे पलीकडच्या मांडवात भाकरी खायला गेले. "आता तो काय वाचत नाय," असे बाबा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कंटाळा नव्हता, लाज होती. बाय उठली नाही. थोड्या वेळाने मी तिची भाकरी घेऊन परत आलो.

ती बाहेरच्या बांधावर उभी होती आणि तिच्या हातात फावडे होते.

बांध म्हणजे काय हे शहरी वाचकाला मी कसे समजावू? आमच्याकडे सणाला देवाआधी बांधाला नारळ वाढवत. भांडणात एकवेळ माणसावर हात उगारला जाई, पण शत्रूच्या बांधाला कोणी टाच लावत नसे. बांध गेला म्हणजे समुद्र आत. पाच महिन्यांचे मीठ एका भरतीत पाणी. आणि माझी बहीण, मुकादमाची मुलगी, जिचे लग्न ठरले होते, ती तो बांध कापत होती. घाईघाईने नव्हे. वाफ्याची कड धरावी तशी सरळ, नेटकी, मोजक्या घावांनी. बाहेर भरती चढत आली होती.

मी तिला अडवले नाही. मदतही केली नाही. भाकरी हातात घेऊन उभा राहिलो.

"बगत काय उभा रायलास?" ती म्हणाली. "दोर सोड त्याचा. गाठ तुजीच हाय."

मी तळ्यात उतरलो. गाठ पाण्याने आणि ओढीने अशी आवळली होती की बोटांनी सुटेना. मी ती दातांनी सोडवली. त्या वेळी माझा गाल त्याच्या शेपटीच्या मुळाला टेकलेला होता. मी तिथे हात ठेवला. आयुष्यात मी पुष्कळ काही हाताळले आहे, पण तसा स्पर्श पुन्हा झाला नाही: वरून भिजवलेल्या रबरासारखा गुळगुळीत, आणि आत, बोटभर खाली, ताणलेल्या दोरखंडांचा जुडगा, कठीण आणि ऊबदार. तो ओढत नव्हता, झटकत नव्हता. मला इजा करायची तर त्याला शेपटी एकदा उचलणे पुरे होते. ती सारी ताकद माझ्या हाताखाली स्वस्थ पडून होती आणि कशाची तरी वाट पाहत होती.

मग पाणी आले.

आधी बांधाच्या चिरेतून जिभेएवढे, मग हातभर, मग मातीची ढेकळे घेऊन गडगडत. बाय उडी मारून बाजूला झाली. गुडघा, मांडी, कंबर. माझ्या हाताखालचे ते शरीर हलके होऊ लागले, हे मला कळले. चिखलाने त्याची पकड सोडल्याचा बारीक आवाज आला. त्याने श्वास घेतला. पाणी आत-बाहेर एका पातळीला आले, खळखळ थांबली, आणि बांधाच्या फटीत क्षणभर आरसा तयार झाला. शेपटी खाली गेली. मी तिची वाट पाहत होतो. तरी ती वर केव्हा आली ते मला दिसले नाही. पाण्याचा एक जाड फटका माझ्या तोंडावर बसला, आणि डोळे उघडले तेव्हा तळ्यात कोणी नव्हते. खाडीत, तिवरांच्या पलीकडे, एक श्वास ऐकू आला. मग आणखी लांबून एक.

बाय हसत होती. भिजलेली, चिखलाने माखलेली, फावड्यावर रेललेली.

आरडाओरडा करीत सारे धावत आले, पण बाबा सर्वांच्या पुढे होते. वाफ्यांवर पाणी पसरत होते, मिठाच्या राशींचे पाय विरघळत होते. बाबांनी तिकडे पाहिले नाही. त्यांनी बांधाकडे पाहिले. भरतीने फोडलेला बांध खाचखळग्यांचा असतो. फावड्याने कापलेल्या बांधाची कड सरळ राहते. मिठागरावरच्या कोणालाही हे दुरून वाचता येते. एका बाजूला ती कड अजून शिल्लक होती, वितीएवढी, सरळ, चमकणारी. बाबांनी बायच्या हातातील फावडे पाहिले. मग ते त्या फटीच्या काठाशी गेले, आणि उजव्या पायाच्या टाचेने ती सरळ कड त्यांनी दाबली. एकदा, दोनदा, तीनदा. माती ढासळली. कड वाकडीतिकडी झाली.

"उधाणानं फोडला," बाबा मागे वळून सर्वांना म्हणाले. "पोरगी फावरं घेऊन बुजवाया धावली, पन काय उपेग?"

शेठलाही त्यांनी हेच सांगितले. पुढच्या महिन्यात बाय जासईला गेली.

*

त्यानंतर साठाहून अधिक वर्षे गेली. मिठागरे गेली, बाबा गेले, बळीदादा गेला. गेल्या पावसाळ्यात बाय पडली. हाड जुळले, पण तीन महिने खाटेवर काढल्यावर पायांनी तिचे ऐकणे सोडले. डॉक्टर म्हणाले, आत्ता चालल्या नाहीत तर पुढे चालणार नाहीत. तिच्या मुलाच्या, दिलीपच्या, इमारतीत पोहण्याचा तलाव आहे. व्यायाम करवून घ्यायला येणारी तरुण डॉक्टरीण रोज सांगे की आजींना पाण्यात उतरवू या. बाय ऐकत नसे. "त्या निल्या पान्यात पोरं मुततात," असे तिचे कारण होते.

म्हणून मी तिला चालवायला जात असे. दोन्ही हात धरून तिला खाटेवरून उभे करायचो. ती अर्धी उठायची, पाय थरथरायचे, पुन्हा बसायची. मी पुन्हा ओढायचो. मला वाटे, जिद्द हवी.

व्यायामशाळेतून मी तडक तिच्याकडे गेलो तो संतापलेलाच. चित्राची सगळी हकीकत सांगितली. म्हणालो, "उद्घाटनाला मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. बांध तू कापलास. ते चित्र तुझे हवे."

"माजं चित्र?" ती म्हणाली. "आनि मला काय, खाटेवर पडलेली रंगवनार?"

"थट्टा नको, बाय. उठ, चार पावले टाक आधी." मी तिचे हात धरले आणि ओढले.

ती उठली नाही. माझ्या मुठींकडे पाहत राहिली.

"पुना दोरच काय रं?" ती म्हणाली.

मी हात सोडले.

इतक्या वर्षांत तिने मला दोराची आठवण एकदाही करून दिली नव्हती. मला वाटे, ती विसरली. मी खुर्चीवर बसलो. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "बाबांनी टाचेनं कड मोडली ती माज्यासाठी. ती तू परत सरल करायला निघालास. कर. आता जासईचं कोन रायलंय बोलाया? पन खाटेवरच्या बाईनं बांध कापला म्हटलंस तर लोक 'बिचारी' म्हनतील. ते मला चालनार नाय. मी उबी रायले की सांग, लिही. आनि सांगशील तवा दोर कुनी बांदला ते पन सांग."

"सांगेन," मी म्हणालो. हा शब्द उच्चारायला मला किती कष्ट पडले, हे मी येथे नमूद करून ठेवतो.

"मंग त्या पोरीला बोलाव," बाय म्हणाली. "बगू तिचं निलं पानी."

*

उद्घाटनाला मी गेलो. दोनच शब्द बोललो: व्यायाम करा. शेपटी आडवी झाली होती. सुजितला मी म्हणालो, उरलेले दुरुस्त करायला थोडा अवधी लागेल, चित्रकाराला सोडू नको. त्याला ती गंमत वाटली.

तलावावर आम्ही सकाळी दहाला जातो, मुले शाळेत गेली की. पाण्याला औषधाचा वास येतो, मिठाचा नाही. त्याची सवय मला होत नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरीण आणि दिलीप यांनी बायला पायऱ्यांवरून उतरवले. तिने सहावारी साडीचा काष्टा मारला होता. पोहण्याचे कपडे घालायला तिने नकार दिला, आणि त्या बाबतीत मी तिच्या बाजूने तलावाच्या रखवालदाराशी भांडलो. पाणी छातीपर्यंत आल्यावर तिने डोळे मिटले.

"आजी, तुमचं वजन आता पाणी उचलतंय," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही फक्त पाय हलवा."

"मला नको शिकवू, पोरी," बाय म्हणाली.

मी काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलो होतो, तिथून तिचे पाय दिसत होते. पाण्याखाली ते तिचे वाटत नव्हते. तरुण, पांढुरके, पावलांच्या कडांना जुन्या भेगा. काही झाले नाही. बराच वेळ काही झाले नाही. डॉक्टरिणीने माझ्याकडे पाहिले, जणू मी काही करावे. माझे दोन्ही हात गुडघ्यांवरून उचलले गेले होते. मी ते पुन्हा गुडघ्यांवर ठेवले.

आज एकविसावा दिवस आहे. आज सकाळी तिने कठडा सोडला. दिलीप घाबरून पुढे झाला, तेव्हा मी त्याला आवाज चढवून थांबवले. ती पाण्यात सरळ उभी होती, कोणाच्याही हाताशिवाय, हनुवटी वर, डोक्यावर पाटी असल्यासारखी मान स्थिर. मग ती मागे रेलली, पाण्याने तिला घेतले, आणि दोन्ही पाय एकत्र जुळवून तिने ते एकदाच खाली मारले.

पाण्याचा जाड फटका माझ्या तोंडावर बसला. चष्मा खाली पडला. डोळे पुसून मी पाहिले तेव्हा ती तलावाच्या मध्यावर होती, आणि पुरेपूर श्वास सोडत होती.

"आता लिही," तिथून ती ओरडली.